चार दिवसांचा ओरिएंटिअरिंग मेळावा: आधी सुट्टी आखा, मग शर्यत

प्रश्न असा आहे: सातारा-वाई भागातला एक ट्रेकिंगचा गट ओरिएंटिअरिंगच्या, म्हणजे नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानात कंट्रोल (ठरावीक जागी ठेवलेल्या खुणा) शोधायच्या, एकदिवसीय स्पर्धा घेतो. शे-दीडशे माणसं येतात. आता बाहेरगावचे लोक कुटुंबासह मुक्कामाला येतील असा तीन-चार दिवसांचा मेळावा वाईत घ्यायचा आहे, तीनशेच्या आसपास लोकांसाठी. आखणी कुठून सुरू करायची आणि प्रसिद्धी कशी करायची?

नोकरीनिमित्त स्कॉटलंडमध्ये होते तेव्हा तिथल्या सहा दिवसांच्या महोत्सवात मी स्वयंसेवक म्हणून स्टार्टवर उभी राहिले, पुढे कोर्स, म्हणजे कुठले कंट्रोल कुठल्या क्रमाने शोधायचे ती वाट, आखायलाही शिकले. परत आल्यापासून पुणे-सातारा पट्ट्यातच काम करते आहे. त्यामुळे उत्तर थोडं लांबणार, पण त्यातली मुख्य गोष्ट आधीच सांगते. मुक्कामी मेळाव्यात माणूस दिवसाला तास-दीड तास धावतो, उरलेला दिवस तो सुट्टीवर असतो. आणि यायचं की नाही हे घरातला धावणारा ठरवत नाही. ज्याला या खेळात सगळ्यात कमी रस आहे तो ठरवतो. आठ वर्षांची मुलगी, गुडघे दुखणारे सासरे, वर्षातून एकदाच सलग सुट्टी मिळणारी बायको. या माणसांचा दिवस कसा जाईल ते आधी कागदावर मांडा, शर्यती त्यात बसवा. प्रसिद्धीसुद्धा याच माणसांशी बोलली पाहिजे.

ही काही माझी कल्पना नाही. स्वीडनमध्ये १९६५ साली ओ-रिंगेन हा पाच दिवसांचा मेळावा सुरू झाला. वीस वर्षांनी, १९८५ मध्ये, फालुनला त्याच मेळाव्यात सुमारे २५ हजार लोक धावले. एवढी माणसं जिंकायला येत नाहीत. दहा वर्षांच्या पोरांपासून ऐंशीच्या आजोबांपर्यंत प्रत्येकाला आपल्या वयाचा गट मिळतो, तंबूंचं गावच्या गाव उभं राहतं, आणि कुटुंबाची जुलैची सुट्टी तिथेच होते. स्कॉटलंडचा सहा दिवसांचा महोत्सव १९७७ पासून साधारण दर दोन वर्षांनी होतो. त्यात मधे एक दिवस विश्रांतीचा असतो आणि सहापैकी चांगले चार दिवस धरून निकाल लावतात. ही युक्ती मला फार आवडते. एखाद्या दिवशी पाय मुरगळला, पोराला ताप आला किंवा नुसतं किल्ला बघायला जावंसं वाटलं, तरी स्पर्धेतून बाद व्हावं लागत नाही. ब्रिटनमध्ये हा खेळ रुजवायला मदत करणाऱ्या यान शेलस्ट्रॉम यांच्या स्मरणार्थ तिथे ईस्टरला चार दिवसांचा मेळावा भरतो. त्यात पहिल्या दिवशी गावातली छोटी वेगवान स्प्रिंट, मग मध्यम अंतर, मग लांब पल्ला आणि शेवटी रिले. दर दिवसाची चव वेगळी.

तुम्ही चार दिवसांत तीन शर्यती घ्या, चार नको. पहिल्या दिवशी दुपारी चारला वाईच्या पेठेत स्प्रिंट, दुसऱ्या दिवशी सकाळी रान, तिसरा दिवस मोकळा, चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा रान आणि दुपारी जेवून घरी. तीनपैकी चांगले दोन निकाल धरा.

आता तारखा. नाताळच्या आठवड्याचा विचार असेल तर तो सोडा. त्या दिवसांत पसरणी घाटात गाड्यांच्या रांगा लागतात, खोल्यांचे भाव कुठल्या कुठे जातात, आणि तुमचा मेळावा पाचगणी-महाबळेश्वरच्या गर्दीशी भांडत बसेल. माझं मत आहे की भाऊबीज झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरुवात करावी. भाऊबीजेपर्यंत आपल्याकडे कोणी घर सोडत नाही, पण त्यानंतर शाळांची सुट्टी शिल्लक असते आणि घरात 'कुठेतरी जाऊ या' सुरू झालेलं असतं. दुसरं कारण अगदी व्यवहाराचं आहे. तुळशीचं लग्न लागल्याशिवाय लग्नाचे मुहूर्त सुरू होत नाहीत, म्हणजे कार्तिक शुद्ध द्वितीया ते द्वादशी या काळात मंगल कार्यालयं बरीचशी रिकामी असतात. कार्यालयात मोठं स्वयंपाकघर असतं, पंगतीची जागा असते, वर-वधू पक्षाच्या खोल्या, भरपूर संडास-बाथरूम, बाहेर गाड्या लावायला जागा. मेळाव्याचं मुख्य ठिकाण म्हणून यापेक्षा चांगलं काही मिळणार नाही. मालकाशी आत्ताच बोलून ठेवा. त्याच्या मोकळ्या दिवसांत काम मिळत असेल तर तो भावही रास्त लावेल.

या काळाची एक अडचण आहे, ती म्हणजे गवत. पाऊस थांबून फार दिवस झालेले नसतात, उतारांवर गवत कमरेएवढं असतं, त्यात दगड दिसत नाहीत आणि साप-किरडूही दिसत नाही. म्हणून गुरं चरून गेलेले उतार आणि झाडांच्या सावलीत गवत कमी वाढलेले पट्टे शोधा. असं रान वाईच्या परिसरात मिळालं नाही तर मेळावा जानेवारीच्या अखेरीस, प्रजासत्ताक दिनाला जोडून सुट्टी येईल त्या वर्षी घ्या. उंच गवतात मुलांना सोडू नका, एवढं मात्र ठाम सांगते.

जागांबद्दल. वाईची पेठ हे तुमच्याकडचं सोनं आहे. गणपती आळी, मधली आळी, गंगापुरी, रामडोह असे एकामागून एक घाट, वाड्यांमधले बोळ, पुढे बंद होणारी गल्ली, मागून दुसऱ्या पेठेत निघणारी वाट. स्प्रिंटला हेच लागतं. धावता धावता दोनपैकी कुठल्या बोळात शिरायचं हे दोन सेकंदांत ठरवायचं. नवख्या माणसाला इथे हरवायची भीती नसते आणि आजी घाटाच्या पायरीवर बसून नातीला पळताना बघू शकते. घाटाच्या पाण्यालगतच्या पायऱ्या मात्र नकाशावर सरळ 'प्रवेश नाही' म्हणून दाखवा, तिथे शेवाळ असतं. देवळांच्या आवारातही कंट्रोल नको. ढोल्या गणपतीला दर्शनाची रांग असते, तिथून बनियनवरची माणसं पळत जाणं कोणालाच बरं वाटणार नाही.

पाचगणीचं टेबललँड सगळ्यांच्या डोक्यात पहिलं येतं. मी तिथे शर्यत घेणार नाही. वर सपाट कातळ, त्यामुळे नकाशा वाचायला फारसं काही नाही, आणि कडेला सरळ तुटलेला कडा. त्यातून घोडागाड्या आणि पर्यटक. शिवाय महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, परवानगीचं काम वाढेल. टेबललँड मोकळ्या दिवसासाठी ठेवा. त्याच दिवशी ज्यांना जवळच फिरायचंय त्यांना मेणवलीचा घाट आणि नाना फडणवीसांचा वाडा.

रानाच्या दोन्ही दिवसांसाठी दोन वेगळे डोंगर घेऊ नका. धोम धरणाच्या बाजूला किंवा पांडवगडाच्या पायथ्याला सलग तीन-चार चौरस किलोमीटरचा एकच पट्टा निवडा, एक दिवस पूर्वेकडून सुरुवात, एक दिवस पश्चिमेकडून. गडाचा माथा आणि कडे शर्यतीबाहेर. कारण पैसा आणि वेळ कुठे जातो, तर नकाशात.

नकाशावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा रानात जायला चांगला, पण या खेळाला अपुरा. आपल्याला आंतरराष्ट्रीय चिन्हांचा, पाच मीटरच्या समोच्च रेषांचा नकाशा लागतो. मोठ्यांना १:१०,०००, मुलांना आणि पंचावन्नच्या पुढच्यांना त्याचंच मोठं केलेलं १:७,५००, पेठेला १:४,०००. उपग्रहावरून मिळणारी ३० मीटरची फुकट उंचीची माहिती डोंगराचा आकार देते, पण त्यात लहान घळ दिसत नाही, आणि आमचा निम्मा खेळ घळीतच असतो. फेब्रुवारी २०२१ च्या भूस्थानिक मार्गदर्शक तत्त्वांनंतर भारतीय संस्थांना नकाशे बनवायला आधीसारखी पूर्वपरवानगी लागत नाही, त्यामुळे ड्रोनचं किंवा लेसरचं सर्वेक्षण करून घेणं सोपं झालं आहे. ड्रोनच्या फोटोंना झाडाखालची जमीन दिसत नाही, लेसरला बऱ्यापैकी दिसते. पैसे असतील तर लेसर. तरीही शेवटी पायी फिरावंच लागतं. दर चौरस किलोमीटरला तीस-चाळीस तास धरा, झाडी दाट असेल तर जास्त.

फिरताना काय करायचं ते एका उदाहरणाने सांगते. उतारावर ढोरवाटा असतात. माघ-फाल्गुनात त्या डझनावारी दिसतात, एकमेकींना समांतर, थोड्या अंतरावर विरून जाणाऱ्या. नवा माणूस सगळ्या काढतो आणि नकाशावर वाटांच्या काळ्या तुटक रेषा सोडून काही वाचता येत नाही. पाणवठ्याला, वाडीला किंवा खिंडीला पोचणारी ढोरवाट तेवढी ठेवायची, बाकीच्या सोडायच्या. हिरव्या रंगाचंही तसंच. नकाशावर पांढरं म्हणजे पळता येईल असं रान, हिरवं जितकं गडद तितकं घुसायला कठीण. तुम्ही फेब्रुवारीत सर्वेक्षण कराल तेव्हा पानं झडलेली असतील आणि करवंदाची जाळी सोडली तर सगळं पांढरं दिसेल. कार्तिकात तिथेच घाणेरी माजलेली असते, वेल चढलेले असतात. म्हणून आकार, खडक, ओढे हे हिवाळ्या-उन्हाळ्यात काढा, आणि दसऱ्यानंतर एक पूर्ण फेरी फक्त झाडोऱ्यासाठी मारा. ही फेरी टाळली तर चांगला धावणारा पहिल्याच दिवशी नकाशावरचा विश्वास गमावतो, आणि मग तुमची चार दिवसांची बाकी मेहनत त्याला दिसत नाही.

सॉफ्टवेअरवर खर्च करू नका. नकाशा काढायला ओपनओरिएंटिअरिंग मॅपर आणि कोर्स आखायला पर्पल पेन, दोन्ही फुकट आहेत आणि तीनशे माणसांच्या मेळाव्याला पुरेपूर आहेत.

जमीन कोणाची आहे हे सर्वेक्षणाच्या आधी बघा. पट्ट्यातल्या प्रत्येक गट नंबरचा सातबारा काढा. वनखात्याची असेल तर विभागीय वन अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज, गायरान असेल तर ग्रामपंचायत, धरणालगत असेल तर जलसंपदा विभाग, मालकीची असेल तर त्या शेतकऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसायचं. दिवाळीनंतर शाळू पेरलेला असतो, कोंब नुकते वर आलेले असतात. एका रांगेतून तीनशे बूट गेले की ते पीक संपलं. पेरलेली शेतं आणि उसाचे फड नकाशावर प्रवेशबंद दाखवा, वर प्रत्यक्ष जागेवर पट्टी बांधा. उसाच्या फडाजवळ कंट्रोल बिबट्यामुळेही नको. देवराईत कंट्रोल ठेवू नका, गावकऱ्यांनी हो म्हटलं तरी.

कोर्स आखताना ब्रिटनमधली रंगांची पद्धत घ्या, सोप्या-छोट्या कोर्सपासून कठीण-लांब कोर्सकडे: पांढरा, पिवळा, केशरी, हिरवा, निळा, तपकिरी. पांढऱ्या कोर्सवरचं मूल पायवाट सोडत नाही आणि जिथे वाट वळते त्या प्रत्येक ठिकाणी कंट्रोल असतो. आठ वर्षांच्या मुलीने एकटीने हा कोर्स पुरा केला की ती आयुष्यभराची ओरिएंटिअर झाली म्हणून समजा. आणि तिचे आईबाप पुढच्या वर्षी आपोआप येणार. माझी पद्धत अशी की सगळ्यात आधी पांढरा कोर्स आखते, मग पिवळा, आणि तपकिरी अगदी शेवटी. कसलेल्या धावणाऱ्याला कुठल्याही रानात अवघड वाट काढून देता येते, पण लहान मुलांसाठी सुरक्षित, न कंटाळवाणी आणि शेवटी फिनिशला आईला दिसेल अशी येणारी वाट रानात एखाद-दुसरीच असते. स्टार्ट-फिनिश तिच्या जवळ आणा. त्याहून लहानांसाठी दोरीचा कोर्स करा: झाडाझाडांतून रंगीत दोरी बांधायची, दर काही पावलांवर एक चित्र, शेवटी खाऊ.

अंतरं आखडती ठेवा. जिंकणारा चाळीस मिनिटांत आला तर मधला माणूस सव्वा तासात येतो, चालणारा दोन तासांत. सलग दिवस धावायचंय, पहिल्याच दिवशी कोणाला मोडून काढू नका. पहिला कंट्रोल सगळ्यांना सोपा द्या.

लहान मूल असलेल्या जोडप्यांसाठी प्रवेशअर्जात एक प्रश्न हवाच: तुमच्यासोबत सांभाळायला मूल आहे का, आणि दोघांपैकी आधी कोण धावणार? मग एकाला साडेसातची वेळ द्यायची, दुसऱ्याला साडेनवाची. स्कॉटलंडमध्ये स्टार्टवर उभी असताना हे मी रोज बघायचे. घड्याळ मिनिटामिनिटाला टोला देतं, नाव पुकारलं की पहिल्या चौकोनात यायचं, पुढच्या मिनिटाला दुसऱ्या चौकोनात कंट्रोलच्या खुणांची चिठ्ठी घ्यायची, तिसऱ्यात आपल्या कोर्सच्या डब्यापाशी उभं राहायचं, टोला पडला की नकाशा उचलायचा. आई दुसऱ्या चौकोनात असायची आणि बाबा फिनिशकडून घामाघूम धावत यायचा, पोराला उचलून घ्यायचा, आणि तेवढ्या दहा सेकंदांत तिला सांगायचं काही नाही हा नियमही पाळायचा. दोघांचा कोर्स एक असेल तर बोलायला बंदी! अशा कुटुंबांना वेळेची दोन तासांची फट मिळाली नाही तर दोघांपैकी एकजण, बहुतेक वेळा आईच, चारही दिवस गाडीत बसून राहते. नुसत्या या एका रकान्याने तुमच्या नोंदणीत बायकांची संख्या वाढेल.

पंचिंगसाठी, म्हणजे धावणारा कंट्रोलला पोचल्याची नोंद करायला, स्पोर्टआयडेंटची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा उत्तम, पण पहिल्या वर्षी विकत घेऊ नका. भाड्याने मिळाली तर बघा. नाहीतर पेठेत मॅपरन हे मोबाइलवरचं अॅप चालेल, रानात कार्डाला भोकं पाडणारे सुईचे पंच. रानात मोबाइलवर भिस्त नको, धोमच्या मागच्या घळींमध्ये जीपीएस भरकटतं आणि मग वाद होतात.

सुरक्षिततेत एकच गोष्ट सगळ्यांत वरची: सुटलेला प्रत्येक माणूस परत आला याची नोंद. अर्धवट सोडलं तरी फिनिशला येऊन सांगायचंच, हे रोज सकाळी माइकवर सांगा. कोर्स बंद होण्याची वेळ साडेअकरा ठेवा, कार्तिकातलं ऊनही दुपारी भाजतं. शिट्टी सक्तीची, मिनिटाला सहा फुंका म्हणजे मदत हवी. प्रत्येक कोर्सला पळवाट द्या: 'काहीच कळेना तर उत्तरेला उतरा, डांबरी रस्ता लागेल.' पाणी कोर्सवर ठेवा. आग्या मोहोळ आहे का हे मेळाव्याच्या आधीच्या आठवड्यात पुन्हा तपासा, असेल तर तो भाग सोडून कोर्स बदला, कितीही सुंदर असो. सर्पदंशावरचं प्रतिविष वाईच्या ग्रामीण रुग्णालयात आणि साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात त्या आठवड्यात शिल्लक आहे का, हे फोनवर न विचारता जाऊन बघा. १०८ ला स्टार्टची जागा समजेल अशा शब्दांत आधीच लिहून ठेवा, नकाशाचे आकडे रुग्णवाहिकेच्या चालकाला उपयोगाचे नाहीत.

संध्याकाळ मोकळी सोडू नका, पण भरूनही टाकू नका. कार्यालयाच्या भिंतीवर त्या दिवसाचा मोठा नकाशा लावा, शेजारी रंगीत पेन. जो तो आपली वाट काढून दाखवतो, चौथ्या कंट्रोलला डावीकडून गेलास की उजवीकडून, यावर जेवणापर्यंत गप्पा रंगतात. निकाल दुपारीच दोरीला टांगा. भाषणं, सत्कार, प्रमुख पाहुणे शेवटच्या दिवशी आणि तेही थोडक्यात.

आता प्रसिद्धी. पहिला संदेश बहुतेक गट असा लिहितात: 'सह्याद्रीतील तीन आव्हानात्मक शर्यती! आंतरराष्ट्रीय दर्जाचे नकाशे! आकर्षक बक्षिसे!' हे वाचून जो आधीच येणार होता तो येतो. मी असं लिहीन:

'भाऊबीजेनंतर चार दिवस वाईला या. एक संध्याकाळ पेठेत आणि दोन सकाळी रानात, नकाशा घेऊन तासभर पळा किंवा चाला. सात वर्षांच्या मुलांपासून सत्तरीच्या आजोबांपर्यंत प्रत्येकाला झेपेल अशी वाट. पहिल्यांदाच येणाऱ्यांना आम्ही शिकवतो. दोन्ही वेळचं जेवण कार्यालयात. ज्यांना रानात यायचं नाही त्यांच्यासाठी घाट, मेणवली, पाचगणी.'

यात तारीख, शुल्क आणि एक दुवा जोडा, बस. 'हरवलो तर?' हा प्रत्येकाच्या मनातला प्रश्न आहे, त्याचं उत्तर माहितीपत्रकात पहिल्या पानावर द्या. चढ किती आहे, काटे किती आहेत, पूर्ण पँट घालावी की नाही, संडास कसे आहेत, हे सगळं खरंखरं लिहा. काट्यांचं रान आहे हे आधी कळलेला माणूस तयारीने येतो. तिथे आल्यावर कळलं तर तो चार दिवस कुरकुरतो आणि घरी जाऊन चार जणांना सांगतो.

वेळापत्रक: दिवाळीच्या तारखा पंचांगात आधीच असतात, म्हणून पुढच्या वर्षीची तारीख या वर्षीच्या दिवाळीतच जाहीर करा. नोंदणी जूनमध्ये उघडा, तीन टप्प्यांत शुल्क वाढवा, सोबत येऊन न धावणाऱ्याला फक्त जेवणाचे पैसे. पैसे परत कधी आणि किती मिळणार हे नोंदणीच्याच पानावर. आणि सविस्तर माहिती मेळाव्याच्या किमान सत्तर दिवस आधी पक्की झाली पाहिजे. रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. नागपूर-अमरावतीहून येणाऱ्याला दिवाळीच्या गर्दीत पुण्यापर्यंतचं तिकीट पहिल्याच दिवशी काढावं लागतं, आणि तेव्हा तुमच्या पहिल्या स्टार्टची वेळ त्याला माहीत नसेल तर तो येणारच नाही. वेळ बदलली तर पत्रकावर बदलाची तारीख टाका.

कुठे पोचायचं? आधी तुमच्याच जुन्या शे-दीडशे लोकांना, प्रत्येकाला नावाने. मग पुण्यात तळजाई आणि वेताळ टेकडीवर रविवारी सकाळी तासाभराचे मोफत प्रयोग घ्या, तिथे रोज चालायला येणारी हजारो माणसं आहेत. प्रत्येकाने वापरलेला नकाशा घरी न्यावा, त्याच्या मागच्या बाजूला वाईच्या तारखा छापलेल्या असाव्यात. मला माहीत असलेली सगळ्यात चांगली जाहिरात हीच. तो कागद टाकवत नाही, लोक फ्रिजवर लावतात. धावण्याचे आणि ट्रेकिंगचे गट तर आहेतच. शाळांमध्ये स्काउट-गाइडचे शिक्षक गाठा. साताऱ्याला १९६१ पासूनची सैनिक शाळा आहे आणि लष्करात हा खेळ चांगला रुजलेला आहे, तिथल्या मुलांना तुमची पेठेतली स्प्रिंट आवडेल. फोटो निवडताना पहिल्या आलेल्याचा ताणलेला चेहरा नको. नकाशावर बोट ठेवून नातीला काहीतरी दाखवणारी आजी हवी.

परदेशातून चार-दोन लोक येतील, काही ओरिएंटिअर नवे देश शोधतच फिरतात. त्यांना इंग्रजी पत्रकात एक गोष्ट ठळक सांगा: उपग्रहाला जोडणारी संदेश-यंत्रं परवान्याशिवाय भारतात आणायला बंदी आहे. युरोपातले डोंगरात फिरणारे ती सवयीने बॅगेत टाकतात आणि विमानतळावर अडकतात.

वाईकरांकडे दुर्लक्ष करू नका. स्प्रिंटच्या आधी आठवडाभर पेठेतल्या प्रत्येक दुकानात मराठी पत्रक, त्यात वेळ, रस्ते आणि एक फोन नंबर. नगरपालिका आणि पोलीस ठाण्याला लेखी. स्थानिक वर्तमानपत्राला बातमी द्या, पण सोबत गणपती आळीच्या नकाशाचा तुकडा द्या. आपली गल्ली अशी कागदावर आलेली बघितली की माणसं स्वतः नाव नोंदवायला येतात. गावातल्या मुलांना पहिला दिवस मोफत. रानातल्या वाड्यांमधल्या तरुणांना कंट्रोल राखायला, पाणी पोचवायला रोजावर घ्या, आणि त्यांना पैसे त्याच दिवशी द्या. तुमच्या स्वयंसेवकांच्या पाळ्या अशा लावा की प्रत्येकाला किमान एक दिवस स्वतः धावता येईल. चारही दिवस राबलेला माणूस दुसऱ्या वर्षी मिळत नाही.

शेवटच्या दिवशी बक्षीस समारंभातच पुढची तारीख सांगा. त्याच संध्याकाळी सगळे कंट्रोल मोजून आणा, पट्ट्या सोडवा, आणि ज्यांच्या शेतालगत कोर्स होता त्या शेतकऱ्यांकडे नकाशाची एक-एक प्रत घेऊन जा. बांध पडला असेल तर तिथेच भरपाई. हिशोब महिन्याभरात गटासमोर मांडा.

तुमच्याकडे आत्ता काय आहे त्यावरून पहिलं काम सुचवते: कार्यालयाची तारीख आणि पट्ट्याचे सातबारे. ही दोन कामं झाली की पेठेचा नकाशा घ्यायला लागा, तो एका पावसाळ्यात पुरा होतो. पांढऱ्या कोर्सचा कच्चा आराखडा तयार झाला की पाठवा, मी तो वाईला येऊन पायी तपासून देईन. सोबत एखादी आठ-नऊ वर्षांची मुलगी आणा, ती कुठे अडखळते ते बघत मागून चालू.